गुडघाभर पाण्याची टंचाई

मे महिन्याची सुटी लागली की गोव्यात हा वाद ठरल्यासारखा उगवतो. कुठे वॉटरपार्कचं नाव निघतं, कुठे एखाद्या पंचायतीत तरणतलावाचा विषय येतो आणि लगेच दोन फळ्या पडतात. एक फळी म्हणते, दुबईवाल्यांनी रखरखीत वाळूत लाटा उसळवल्या; आपल्याकडे आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो, तरी पोरांना न्यायला जागा नाही. दुसरी म्हणते, सत्तरी-पेडण्यात बायाबापड्या टँकरची वाट बघत उभ्या आहेत आणि तुम्हाला डुंबायचे डोहाळे लागलेत. वाळवंट दोघांच्याही तोंडी आहे, एकाच्या आदर्श म्हणून, दुसऱ्याच्या धाक म्हणून. पण वाळवंटातल्या शहरांनी मुलाबाळांना पाण्यात खेळायला जागा कशी दिली, त्यात किती पाणी घातलं, किती परत मिळवलं आणि काय फसलं, हे बघायची तसदी कोणी घेत नाही. बघितलं तर निघणारं उत्तर दोघांच्याही गैरसोयीचं आहे. गोव्यात प्रत्येक तालुक्याला लहान, उथळ, जवळपास फुकट आणि राखणीतली पाण्याची जागा हवी. ती सार्वजनिक पैशांतून बांधावी. आणि तिकिटाच्या मोठ्या पार्कांना मात्र सार्वजनिक नळाचं पाणी देऊ नये.

टँकरचा मुद्दा आधी घेऊ, कारण तोच सगळ्यांत जड आहे. गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो खरा, पण तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरात पडतो, आणि सह्याद्रीपासून समुद्र इतका जवळ की नद्यांना पाणी धरून ठेवायला सवडच नाही. जांभ्या दगडात पाणी जितक्या लवकर मुरतं तितक्याच लवकर निघूनही जातं. ज्या विहिरीला ऑगस्टमध्ये काठावरून तांब्या बुडवता येतो, तिचा तळ मे महिन्यात दिसतो. ज्या घरी दिवसाआड नळ येतो, त्या घराला तरणतलावाचं कौतुक सांगणं हा उद्धटपणाच. हे सगळं मान्य. पण मग पुढचा प्रश्न विचारायला नको का? खेळाला पाणी लागतं तरी किती?

25 मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद असा साधा तलाव धरा. पृष्ठभाग झाला 312 चौरस मीटर. एक मिलिमीटर पाणी उडालं म्हणजे दर चौरस मीटरमागे एक लिटर गेलं. कडक उन्हाळ्यात दिवसाला सहा मिलिमीटर उडतं असं धरलं, तर रोजचे 1900 लिटर हवेत. सरासरी 1.3 मीटर खोलीने तलावात चार लाख लिटर बसतात. ते पाच तासांत एकदा फिल्टरमधून फिरवायचे तर पंप ताशी 80 हजार लिटरचा लागतो. वाळूचा फिल्टर तुंबला की उलट्या प्रवाहाने धुवावा लागतो, त्याला तलावावरची माणसं बॅकवॉश म्हणतात. पाच मिनिटांच्या एका बॅकवॉशला साडेसहा हजार लिटर गटारात जातात. शिवाय पोहणाऱ्यांच्या घामामुताचा भार असतो. क्लोरीन तो जाळतं, पण जळून उरलेलं पाण्यातच साठतं, म्हणून माणशी 30 लिटर ताजं पाणी रोज घालावं असा युरोपातला रूढ दंडक आहे, आणि बॅकवॉशची भरपाई त्यातच धरतात. दिवसाला 200 माणसं आली तर हे 6000 लिटर. दोन्ही मिळून आठ हजारांच्या आत. माणशी 40 लिटर, म्हणजे दोन बादल्या. शहरी माणसाला रोज 135 लिटर पाणी मिळावं हा आपला सरकारी मापदंड आहे. आता त्याच तलावाशेजारच्या हिरवळीचं बघा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर, आणि उन्हाळ्यात लॉन हिरवं ठेवायला रोज पाचेक मिलिमीटर लागतं. अर्धा एकर लॉन दिवसाला दहा हजार लिटर पितं. त्यावर कोणी पोहत नाही. बहुतेक ठिकाणी ‘गवतावर चालू नये’ अशी पाटीच असते. टँकरच्या रांगेची आठवण तरणतलावाच्या वेळी होते आणि लॉनच्या वेळी होत नाही, ती का?

लास वेगासने हेच गणित फार आधी मांडलं. वर्षाला शंभरेक मिलिमीटर पाऊस पडणारं शहर, पाणी बहुतेक सगळं कोलोराडो नदीचं, मीड तलावातून उचललेलं. तिथे घरातल्या मोरीत, संडासात, बेसिनमध्ये गेलेलं पाणी शुद्ध करून पुन्हा मीड तलावात सोडतात आणि तेवढं पाणी शहराच्या वाट्यात परत जमा धरलं जातं. त्यामुळे शॉवरखाली कोण किती वेळ उभा राहिला यावरून त्या शहराची झोप उडत नाही. जे गवतावर फवारलं आणि जे हवेत उडालं, ते मात्र कायमचं गेलं. म्हणून नेवाडा राज्याने 2021 मध्ये निव्वळ शोभेच्या हिरवळीवर कायद्याने गदा आणली आणि 2022 मध्ये तिथल्या क्लार्क काउंटीने नव्या घरगुती तरणतलावांना 600 चौरस फुटांची कमाल मर्यादा घातली. नेम बघा कुठे धरला आहे: ज्या पाण्यात एक कुटुंब आठवड्यातून दोनदा उतरतं त्या पाण्यावर. सार्वजनिक तलाव चालूच आहेत. आपल्याकडे उलटं आहे. व्हिलाच्या मागे निळा तलाव हवाच, नाहीतर व्हिला खपत नाही. पण तालुक्याला एक तलाव म्हटलं की टंचाई आठवते.

आता दुबईच्या कौतुकाकडे. तिथलं ‘वाइल्ड वादी’ 1999 मध्ये सुरू झालं, त्यानंतर त्याहून मोठी पार्कं आली, आणि ती चालतात हे नाकारायचं कारण नाही. पण ती पाण्यावर चालत नाहीत, विजेवर चालतात. समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढायला हजार लिटरमागे तीन-चार युनिट लागतात. त्यानंतर ते पाणी थंड करावं लागतं, कारण आखाती उन्हाळ्यात उघडा तलाव आंघोळीच्या बंबासारखा तापतो. तिथल्या तलावांना चिलर बसवतात. अमेरिकेतल्या फिनिक्सला पाऊस वर्षाला 200 मिलिमीटरच्या आत आणि उघड्या पाण्याचं बाष्पीभवन दोन मीटरच्या घरात, म्हणजे पडतं त्याच्या दसपट उडतं. 2023 च्या उन्हाळ्यात तिथे सलग 31 दिवस दुपारचा पारा 43 अंशांच्या वर जात होता. अशा ठिकाणी पाण्याची करमणूक ही विकत घेतलेली गोष्ट असते आणि तिचं बिल कोणीतरी भरत असतं. अशा करमणुकीचं पुढे काय होऊ शकतं, त्याचा दाखला फिनिक्सशेजारच्या टेम्पे शहरात आहे. 1969 मध्ये तिथे ‘बिग सर्फ’ उघडलं, वाळवंटात यंत्राने लाटा काढणारं पहिल्या काळातलं पार्क. 2019 च्या हंगामानंतर ते पुन्हा उघडलंच नाही. त्याच टेम्पेने 1999 मध्ये सॉल्ट नदीच्या कोरड्या पात्रात रबरी फुग्यांचे बांध घालून तीनेक किलोमीटर लांबीचा तलाव भरला. उन्हाने रबर झिजलं, 2010 च्या जुलैत एक फुगा फुटला आणि तलाव रातोरात रिकामा झाला. पुढे तिथे पोलादी दारं बसवावी लागली. आपल्या मंत्र्यांना दौऱ्यावर हे दाखवत नाहीत.

दाखवायला हवं ते वेगळंच आहे. दुबईने 2023 मध्ये तीन सार्वजनिक किनारे रात्रीच्या पोहण्यासाठी उघडले: दिवे लावलेले, जीवरक्षक नेमलेले, प्रवेश फुकट. दिवसा वाळू पाय भाजते, म्हणून खेळ रात्री हलवला, इतकी साधी अक्कल. फिनिक्स महापालिकेचे 29 तरणतलाव आहेत, आणि अलीकडच्या काही उन्हाळ्यांत त्यातले बरेच बंद ठेवावे लागले. पाणी नव्हतं म्हणून? नाही, जीवरक्षक मिळेनात म्हणून. भर वाळवंटात पाणी जमलं आणि माणसं कमी पडली, ही गोष्ट गोव्याने दोनदा वाचावी अशी आहे.

या दोन फळ्यांच्या पलीकडे एक तिसरा आवाज असतो, शांत आणि म्हणून जास्त पटणारा. तो म्हणतो, समुद्र आहे, धबधबे आहेत, व्हाळ आहेत, कशाला हवी सिमेंटची डबकी? आमचे बापजादे कुठे तरणतलावात शिकले? बापजादे शिकले ते ओळखीच्या पाण्यात, वरचा डोह कुठे आणि भोवरा कुठे हे माहीत असलेल्या मामा-काकांच्या हाताखाली. आज मडगावच्या फ्लॅटमध्ये वाढलेलं पोर चिरेखाणीवर मित्रांबरोबर जातं तेव्हा ते काय बघतं? हिरवं, संथ पाणी. चिरे काढलेल्या खाणीला काठ नसतो, उभी भिंत असते; पहिलं पाऊल घोट्याइतक्या पायरीवर आणि दुसरं चार-पाच मीटर खोलीवर पडू शकतं. वरचं हातभर पाणी उन्हाने कोमट आणि खालचं गार असल्याने अंगाला अचानक थंडी वाजून दम लागतो. गढूळपणामुळे बुडालेला दिसत नाही. बाहेर यायला धरायचं तर शेवाळलेला जांभा हातातून सुटतो. समुद्राचं म्हणाल तर 2008 पासून किनाऱ्यांवर जीवरक्षक आहेत हा मोठाच आधार, पण पावसाळ्यात समुद्रात उतरायचं नसतं, संध्याकाळनंतर उतरायचं नसतं, आणि बाहेर ओढणाऱ्या प्रवाहात सापडलं तर किनाऱ्याकडे झगडत न येता किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहातून निसटायचं असतं. हे शेवटचं ज्याला जमतं तो आधीच पोहणारा असतो. तो शिकला कुठे?

उत्तर म्हणून दर पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई हुकूम निघतो: धबधब्यांत, खाणींत, नद्यांत उतरू नये. हुकूम चुकीचा नाही. ओमान आणि अमिरातीत डोंगरातल्या कोरड्या नदीपात्राला वादी म्हणतात. तिथल्या डोहांत कुटुंबंच्या कुटुंबं सुटीला जातात आणि वर कुठेतरी पाऊस झाला की निरभ्र आकाशाखाली लोंढा येतो. म्हणून अमिरातीने 2023 मध्ये पावसात वादीपाशी जमणाऱ्यांना हजार दिरहम दंड ठेवला, आणि पूर आलेल्या वादीत गाडी घालणाऱ्याला दोन हजार दिरहम व वर दोन महिने गाडी जप्त. पण तिथे दंडाच्या जोडीला रात्रीचा राखलेला किनारा आहे. आपण फक्त मनाई देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 2023 मध्ये जगात तीन लाख माणसं बुडून मेली आणि त्यांतली जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालची मुलं होती. पाच वर्षांखालचं मूल मनाई हुकूम वाचत नाही.

जुनी तळी साफ करा, त्यात पोरं खेळतील, असंही कोणी सुचवतं. ऐकायला छान. देवळाच्या तळीच्या पायऱ्या सरळ खोलात उतरतात, पाणी फिरत नाही, मासे आहेत म्हणून क्लोरीन टाकता येत नाही, आणि ती जागा मुळात खेळासाठी बांधलेलीच नाही. शिवाय तळी सगळ्यांची होती हा गोड गैरसमज आहे. महाडचं चवदार तळं नगरपालिकेने 1924 मध्ये ठराव करून खुलं केलं होतं, तरी त्यातली ओंजळ उचलायला 1927 चा सत्याग्रह करावा लागला. कागदावर खुलं आणि प्रत्यक्षात बंद, हा प्रकार आपल्याला नवा नाही. तिकीट म्हणजे जात नव्हे, पण चार माणसांच्या घराचे दोन दिवसांचे पैसे जिथे फाटकावरच जातात, ती जागाही खुली म्हणवत नाही. परंपरेतून घ्यायचंच तर खेळ घ्या. सांजांवला, म्हणजे जूनमधल्या सेंट जॉनच्या सणाला, डोक्यावर कोपेल (फुलापानांचा मुकुट) घालून विहिरीत उड्या पडतात, माशेलला चिखलकाल्यात म्हातारेकोतारेही लोळतात. पाण्याशी खेळणं हा इथे चैनीचा नव्हे, सणाचा भाग आहे. आणि पाण्याचा क्रम घ्या. ओमानमधल्या फलजांत, म्हणजे जुन्या पाटांत (यातले पाच 2006 मध्ये जागतिक वारसा ठरले), पाटाचं पाणी आधी पिण्याच्या जागी येतं, मग मशिदीकडे आणि न्हाणीघरांकडे, आणि शेवटी खजुरांना. फोंड्या-सत्तरीच्या कुळागरात झरीचा पाट याहून फार वेगळा नाही: पोरं त्यात पाय आपटतात आणि तेच पाणी खाली पोफळींना जातं. मग तलावाचं बॅकवॉश गटारात का जावं? दोन दिवस उघड्या टाकीत उन्हात ठेवलं की त्यातलं क्लोरीन उडून जातं आणि ते माडांना घालता येतं. एका बॅकवॉशमध्ये बरेच माड भिजतील.

बांधायचं काय, हे आता नीट सांगायला हवं, कारण ठरावांत नुसतं ‘जलक्रीडा संकुल’ लिहिलेलं असतं. सगळ्यांत लहान मुलांसाठी कारंज्यांचं अंगण: पाणी साठतच नाही, जमिनीतून आणि कमानींतून उडतं आणि जाळीतून खाली जातं. याचे दोन प्रकार आहेत. एकात नळाचं पाणी उडून थेट गटारात जातं. मिनिटाला 200 लिटरने सहा तास चालवलं तर दिवसाला 72 हजार लिटर, म्हणजे वरच्या हिशेबातल्या नऊ तरणतलावांचं रोजचं पाणी. हा प्रकार स्वस्त पडतो म्हणून निविदेत तोच येणार. तो गोव्यात नकोच. दुसऱ्यात खाली पाच-दहा हजार लिटरची टाकी, फिल्टर, क्लोरीन आणि अतिनील किरणांचा दिवा असतो, आणि मुलाने बटण दाबलं तरच काही मिनिटं पाणी उडतं. पण यातही मेख आहे. टाकी लहान, म्हणून लंगोटातली एकच घाण सगळं पाणी बिघडवते. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाबाचा जंतू नेहमीच्या क्लोरीनमध्ये आठवडाभर जगतो, म्हणून तर तो अतिनील दिवा. आणि टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला 2021 मध्ये अशाच कारंज्यांच्या अंगणात खेळलेलं एक मूल मेंदू खाणाऱ्या अमिबाने दगावलं. चौकशीत निघालं की पाण्यातलं क्लोरीन नीट राखलं, तपासलं जात नव्हतं. यंत्र होतं, माणूस कमी पडला. हा विरोधकांचा खरा भक्कम मुद्दा आहे आणि त्यावर उत्तर एकच: मुक्त क्लोरीन एक ते तीन पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), पीएच (पाण्याची आम्लता) 7.2 ते 7.8, दर दोन तासांनी तपासून फाटकावरच्या फळ्यावर खडूने लिहायचं. आकडा नसेल तर अंगण बंद. उघड्या आभाळाखाली ऊन क्लोरीन खातं, दुपारी दोन तासांत बहुतेक फस्त करतं. म्हणून लोक स्टॅबिलायझर, म्हणजे उन्हात क्लोरीन टिकवणारं रसायन, मिसळलेल्या गोळ्या वापरतात. त्या सोयीच्या, पण त्यातलं सायन्युरिक आम्ल साठत जातं आणि शंभर पीपीएमच्या पुढे गेलं की क्लोरीन असून नसल्यासारखं होतं. मग पाणी उपसून टाकण्यावाचून इलाज नाही. टंचाईच्या मुलुखात हा उपसा महाग, म्हणून रोजच्या वापराला साधं, स्टॅबिलायझर नसलेलं हायपोक्लोराइट क्लोरीन बरं.

दुसरं, शिकण्याचा तलाव: सपाट तळ, 60 ते 90 सेंटिमीटर खोली, एकाही ठिकाणी त्याहून खोल नाही. गोव्यातल्या पालकांना ‘डीप एंड’ नसलेला तलाव म्हणजे फसवणूक वाटते, पण पोहणं छातीइतक्या पाण्यातच शिकतात. भोवती पाच फुटी कुंपण, फाटक आपोआप मिटणारं, बाहेरच्या बाजूला उघडणारं, कडी मुलाच्या हाताला न पुरणारी. ॲरिझोनात लहान मुलं असलेल्या घरांतल्या तलावांनाही असं कुंपण कायद्याने लागतं. आपल्याकडच्या भाड्याच्या व्हिलांत दिवाणखान्याचं दार सरकवलं की तलाव. वर सावलीचं कापड, कारण रबरी फरशी उन्हात सिमेंटहूनही जास्त भाजते. आणि कपड्यांचा नियम माणसांसारखा करा. सुती कपडा पाण्यात जड होतो, त्याचे धागे फिल्टरात अडकतात, म्हणून तो नको हे बरोबर. पण त्याचा अर्थ आखूड कॉस्च्युमच हवा असा नाही. पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा पॉलिस्टरचा पोशाख चालतो असं पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं की आया काठावर बसून राहणार नाहीत. आखातात सार्वजनिक बागांमध्ये आणि किनाऱ्यांवर बायकांसाठी राखीव दिवस असतात. आपल्याकडे आठवड्याला दोन सकाळी ठेवायला काय हरकत आहे?

किनारी तालुक्यांत एक प्रयोग आणखी करून बघण्यासारखा आहे. भरतीचं पाणी आत घ्यायचं की अडवायचं, हे खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) बांधातली मानस, म्हणजे पाण्याचं दार, शतकानुशतकं ठरवत आली आहे: भरती चढली की लाकडी दार पाण्याच्या दाबानेच मिटतं, ओहोटीला उघडतं. तेच उलटं बसवलं तर खडकाळ किनाऱ्यावर कमरेइतकं पाणी धरून ठेवणारा, दर भरतीला ताजा होणारा कुंड होतो. पंप नाही, क्लोरीन नाही. जागा नदीच्या मुखापासून लांब हवी, कारण तिथे गावांचं सांडपाणी उतरतं, आणि सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांखालची, परवानगी हे वेगळंच दुखणं. खाजनात मात्र हा उद्योग नको, तिथे आधीच मानशी मोडून पडल्यात.

राहिला पैशांचा प्रश्न, आणि तिथेच बहुतेक तलाव मरतात. बांधायला निधी मिळतो, नारळ फुटतो, पहिला उन्हाळा जातो. दुसऱ्या वर्षी पंपाचं सील गळतं, पाणी हिरवं होतं, फाटकाला कुलूप लागतं. दुरुस्तीला पैसे कोणत्या खात्याचे, यावर एक पावसाळा निघून जातो, आणि रिकामा तलाव भूजलाच्या दाबाने खालून उचलला जाऊन तळाला तडा जातो. पावसाळ्यात तलाव कधीही पूर्ण रिकामा करू नये हे मुकादमालाही माहीत असतं, पण कुलपाची चावी त्याच्याकडे नसते. पंचायतीच्या ठरावात पंपाची अश्वशक्ती लिहिलेली असते, फरशीचा रंगसुद्धा लिहिलेला असतो. दोन पाळ्यांतले चार जीवरक्षक आणि एक पाणी तपासणारा, या पाच जणांचा बारा महिन्यांचा पगार कोणत्या लेखाशीर्षाखाली जाणार, एवढी एक ओळ त्यात आधी घाला, आणि मगच ठराव मतदानाला टाका.